तिसऱ्या तबकडीतली खरखर

माझं नाव वेल्डन प्रेटर. नॅशव्हिलमध्ये एका गल्लीत, जिथे आधी लाँड्री होती त्या जागेत, आमचा स्टुडिओ होता. मी काचेमागे बसणारा माणूस. गाणारे पलीकडे, मी अलीकडे, आणि त्यांचा आवाज टेपवर नीट उतरवणं हे माझं काम. कुणी काय गायचं, मागे व्हायोलिनं किती लावायची, कुठलं गाणं ठेवायचं नि कुठलं फेकायचं, हे सगळं रॉय्स टॅकेट ठरवायचा. स्टुडिओ त्याचा, तबकड्यांवर छापलेलं कंपनीचं नावही त्याचंच. माणूस वाईट नव्हता. हे मी आजही म्हणतो, आणि माझी बायको वर्ना आजही त्यावरून माझ्याशी भांडते.

आर्डिथ साइझमोर आमच्याकडे आली ती एकोणीसशे सहासष्टच्या एप्रिलमध्ये. वय सव्वीस. केंटकीच्या पूर्वेकडच्या डोंगरातली, कोळशाच्या खाणीवरच्या वस्तीत वाढलेली. बसने आली होती. गिटारला पेटी नव्हती, पिठाच्या पोत्यात गुंडाळून आणली होती. रॉय्सने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पोरी, स्वतःची गाणी किती आहेत तुझ्याकडे?"

"एकतीस."

"आणि चांगली?"

"चार," ती म्हणाली. "पाचवं चांगलं होईल असं वाटत होतं, पण बसमध्ये त्याचा शेवट फसला."

रॉय्स हसला. मी त्याला सकाळी दहाच्या आधी हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

मायक्रोफोनसमोर उभं राहायच्या आधी तिने बूट काढले. जमिनीचा हादरा पायाला लागला नाही तर ताल सुटतो म्हणाली. मग काचेतून माझ्याकडे पाहिलं. "मिस्टर प्रेटर, तुम्ही तिथे बरणीतल्या लोणच्यासारखे दिसता. जरा हलत राहा, म्हणजे मला कळेल जिवंत आहात ते."

तिने तिच्या बापावरचं गाणं म्हटलं. बापाला ती पॅपी म्हणायची, आईला मॅमी. खाणीतून आल्यावर आई त्याची पाठ चोळायची, घंगाळात तीनदा पाणी बदलायची, तरी मानेच्या घड्यांतली काळी रेघ जायची नाही, एवढंच त्या गाण्यात होतं. कुठेही रडगाणं नव्हतं. आवाज स्वच्छ, विहिरीतल्या पाण्यासारखा थंड, आणि प्रत्येक शब्दाला कड होती. पहिल्याच टेकमध्ये झालं. रॉय्सने आणखी सहा टेक घेतले आणि शेवटी तबकडीवर पहिलाच गेला.

ती पहिली तबकडी बरी चालली. डोंगरातल्या गावांतून तिला पत्रं यायची, काही शिसपेन्सिलीने लिहिलेली. आर्डिथ ती स्टुडिओत आणून मला वाचून दाखवायची आणि मध्येच थांबून नाक शिंकरायची. "हे बघ वेल्डन, ही बाई म्हणते तिच्या नवऱ्याला गाणं ऐकून राग आला. म्हणाला, माझी पाठ अशी कधी घासली होतीस तू?" तोवर ती मला 'तू' म्हणायला लागली होती.

दुसरी तबकडी रॉय्सने बिघडवली. त्याला ती शहरात चालायला हवी होती. दुसऱ्यांची गाणी आणली, चौदा व्हायोलिनं बसवली, तिच्या स्वतःच्या गाण्यांपैकी फक्त दोन ठेवली. तबकडी पडली. आर्डिथने तोंडावर सांगितलं, "रॉय्स, तुझ्या त्या व्हायोलिनवाल्यांत मी तिसऱ्या ओळीपर्यंत स्वतःलाच शोधत होते. सापडले तेव्हा गाणं संपलं होतं."

"तुझं नशीब," रॉय्स म्हणाला.

"नशीब माझं, पण अक्कल तुझी गेली होती ना?"

त्याच सुमारास पॅपी गेला. फुप्फुसांत कोळशाची भुकटी भरून त्या गावातली निम्मी माणसं जातात, तसाच. शेवटची दोन वर्षं तो बसून झोपायचा. आर्डिथ गावी जाऊन चार महिने राहिली आणि परत आली तेव्हा तिच्याजवळ दहा नवी गाणी होती. म्हणाली, ही दहाच्या दहा घ्यायची, नाहीतर मी दुसरं दार ठोठावते. रॉय्सच्या दुकानातही तेव्हा फार काही चालत नव्हतं. तो कबूल झाला.

तिसऱ्या तबकडीचं काम आम्ही बहात्तरच्या फेब्रुवारीत सुरू केलं. तोवर आमच्याकडे सोळा पट्ट्यांचं नवं यंत्र आलं होतं. म्हणजे ढोल वेगळा, गिटार वेगळी, गाणारीचा आवाज एकटा वेगळ्या पट्टीवर. बाकी सगळे बंद करून मला नुसता तिचा आवाज ऐकता यायचा. लोकांनी जे कधी ऐकलं नाही ते मी ऐकायचो: ओठ उघडल्याचा आवाज, श्वास, गिळणं.

तिसऱ्या दिवशी मला ती खरखर ऐकू आली.

खालच्या सुरांत, ओळ संपता संपता. जणू शेवटचा शब्द वाळूवर टेकवला. मला वाटलं सर्दी असेल. सकाळच्या टेकमध्ये जास्त आणि दुपारपर्यंत कमी. दुसऱ्या आठवड्यात दुपारीही कमी होईना. तिसऱ्या आठवड्यात ती वरच्या सुरांतही आली.

ही खरखर मला ओळखीची होती. माझा मामा ऑर्विल तंबाखूच्या लिलावात बोली पुकारायचा. वखारीत त्याच्यासारखा गळा कुणाचा नव्हता. एका हंगामात त्याच्या बोलीला अशीच वाळू लागली, लोक म्हणाले जास्त पुकारतो म्हणून. पुढच्या हंगामात तो पुकारायला नव्हता. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, वर्नाशी नुकतंच लग्न झालेलं, आणि त्याच्या वखारीत पेंढ्या उचलायचो, म्हणून तो आवाज माझ्या कानात बसलेला.

मी रॉय्सला त्याच्या खोलीत जाऊन सांगितलं. दार लावून घेतलं.

"ती दिवसाला दोन पाकिटं ओढते," रॉय्स म्हणाला. "खरखर नाही होणार तर काय घुंगरू वाजणार?"

"ही तसली नाही. माझा मामा..."

"तुझा मामा तंबाखू विकायचा, वेल्डन. तू डॉक्टर कधी झालास?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "बस. ऐक नीट. त्या आवाजासाठी मी सहा वर्षं थांबलो. आधी ती फार स्वच्छ गायची. स्वच्छ आवाजावर लोक मान डोलावतात. ह्या आवाजावर रडतील."

"एकदा दाखवून तर येऊ दे तिला."

"दाखव. डॉक्टर पहिलं काय सांगेल? तोंड बंद ठेव, सहा आठवडे. मग तबकडी गेली, दौरा गेला, आणि ती गेली परत डोंगरात घेवडा सोलायला. तुला ते चालेल? तिला चालेल? ही दहा गाणी संपू देत. मग मी स्वतः नेतो तिला. माझा शब्द."

मी त्याचा शब्द घेतला आणि माझ्या खुर्चीवर जाऊन बसलो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ. पण दुसऱ्या दिवशी रॉय्सने मायक्रोफोन तिच्या आणखी जवळ आणायला सांगितला, आणि मी आणला. खरखर टेपवर ठळक यावी म्हणून यंत्रावर जे करायचं असतं ते केलं. चांगलं केलं. माझ्या हाताला ते काम येत होतं.

मार्चमधली एक दुपार. आठवं गाणं चाललं होतं. टेक संपल्यावर आर्डिथने हेडफोन मानेवर उतरवले आणि काचेजवळ आली. रॉय्स बाहेर फोनवर होता.

"वेल्डन, खरं सांग. माझ्या आवाजात काही वेगळं ऐकू येतंय का तुला?"

मी बटण दाबल्याशिवाय तिला माझा आवाज जायचा नाही. मी बटण दाबलं.

"छान वाटतोय," मी म्हणालो. "पिकलाय."

"पिकलाय की सडलाय?" ती हसली. "गिळताना कानात दुखतं. मॅमी म्हणते मध आणि लिंबू घे."

"मग घे की."

"घेतेय रे. आता माशा बसायला लागल्या अंगावर."

ती परत जाऊन उभी राहिली आणि आम्ही नववा टेक केला.

तबकडी मे महिन्यात निघाली. तिच्यातलं एक गाणं, पॅपी गेल्यावर त्याच्या रिकाम्या खुर्चीशी ती बोलते ते, देशभर वाजलं. वर्तमानपत्रांनी लिहिलं की ह्या बाईच्या गळ्यात सगळ्या डोंगराचं दुःख साठलंय. रॉय्सने ती कात्रणं भिंतीवर लावली. दौरा मार्चपासूनच ठरलेला होता, आता वाढवला. चोपन्न गावं. डॉक्टरचं मी एकदा काढलं, तेव्हा रॉय्स म्हणाला, "अरे, येतंय ना सगळं रुळावर. तिच्याशी एक डॉक्टर बोललाय, घशात मारायला औषध दिलंय त्याने." तो कसला डॉक्टर होता मला कधी कळलं नाही.

ऑगस्टमध्ये मी तिला टेनेसीतल्याच एका जत्रेत ऐकलं. वर्ना बरोबर होती. आर्डिथचा आवाज आता मार्चपेक्षा दोन सूर खाली आला होता आणि मध्येमध्ये पूर्ण फाटत होता. जिथे फाटायचा तिथे बायका डोळ्यांना पदर लावावा तसे रुमाल लावायच्या. गाणं संपलं की लोक उभे राहायचे. वर्ना उभी राहिली नाही.

"ही बाई आजारी आहे," ती म्हणाली.

"थकलीय."

"वेल्डन प्रेटर, मी ऑर्विलमामाचा स्वयंपाक केलाय शेवटचे तीन महिने. मला शिकवू नकोस."

आम्ही मंचामागे गेलो. आर्डिथ लाकडी पेटीवर बसून बर्फ चघळत होती. खूप वाळली होती. मी विचारलं, डॉक्टरला दाखवलंस का. ती म्हणाली नोव्हेंबरपर्यंत वेळ नाही. वर्ना म्हणाली, "बाई, उद्या जा. उद्याच." आर्डिथने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हणालो, "दाखवून घ्यायला काय हरकत आहे." असं म्हणालो, जणू दात दाखवायचाय. तेवढ्यात कुणीतरी सही घ्यायला आलं.

नोव्हेंबरमध्ये ओहायोतल्या एका हॉटेलात ती तोंड धुताना रक्त थुंकली. तिच्या धाकट्या बहिणीने, नोलाने, तिला घरी नेलं आणि तिथून लेक्सिंग्टनच्या मोठ्या दवाखान्यात. डॉक्टर सरळ माणूस होता. त्याने सांगितलं, स्वरयंत्राचा कर्करोग. वसंतात आली असतीस तर किरणांनी जाळून पाहिलं असतं, बहुतेकांचा आवाजही राहतो. आता स्वरयंत्र काढावं लागेल, पूर्ण. गळ्याला भोक पाडायचं, त्यातून श्वास घ्यायचा. आवाज राहणार नाही.

हे मला नोलाने फोनवर सांगितलं. मी रॉय्सला सांगितलं. तो खिडकीशी गेला. त्याचे डोळे भरले होते, हे मी शपथेवर सांगेन. मग वळला आणि म्हणाला, "ऑपरेशन कधी?"

"येत्या गुरुवारी."

"छोटं यंत्र घेऊन जा. जे काय उरलंय ते उतरवून आण. तिलाही हवं असेल, वेल्डन. विचार तरी तिला."

मी यंत्र घेऊन गेलो. बुधवारी सकाळी अकराला पोहोचलो. आर्डिथ उशीला टेकून बसली होती. मी यंत्राची पेटी कोपऱ्यात ठेवली, तिने ती ओळखली.

"रॉय्सने पाठवलं?" आवाज म्हणजे नुसती कुजबुज, मध्येच एखादा शब्द फुटायचा.

"हो."

"त्याला सांग, आज मला मॅमीशी फोनवर बोलायचंय. तेवढाच आवाज शिल्लक आहे. तो तुम्हाला नाही द्यायचा."

"बरं."

"बस ना तू. कॉफी घे. इथली कॉफी पिऊन माणूस ऑपरेशनला आनंदाने तयार होतो."

मी बसलो. कॉफी प्यायलो. सांगायचं ते तेव्हाही सांगितलं नाही. उद्या तिला कापणार होते, आज कसं सांगायचं, अशी मी स्वतःची समजूत घातली. अशा समजुती घालायला मी सरावलो होतो. फोन आला तेव्हा नोलाने मला बाहेर जायची खूण केली, आणि मी पेटी उचलून निघालो.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात रॉय्सला नवी तबकडी हवी होती. लोक मागत होते. त्याने कपाटातून तिच्या सगळ्या जुन्या टेप काढल्या, फेकलेले टेक, अर्धवट गाणी, गमतीत गुणगुणलेलं. "ह्यातून दहा गाणी शीव," तो मला म्हणाला. "शिंप्याचं काम आहे. तुझ्याइतका हात कुणाचा नाही."

मी सात आठवडे शिवत बसलो. ब्लेडने टेप कापायची आणि चिकटवायची. एका गाण्यातला शब्द दुसऱ्यात, सहासष्टचा स्वच्छ आवाज बहात्तरच्या खरखरीत आवाजाला जोडायचा. जोड कळू नये म्हणून मधले श्वास कापून टाकायचे. संध्याकाळी केर काढताना माझ्या पायांशी तिच्या श्वासांचे तुकडे पडलेले असायचे, तपकिरी, बोटभर लांब.

सप्टेंबरमध्ये आर्डिथ ऐकायला आली. तिची संमती लागत होती. गळ्याला निळा रुमाल, हातात वही आणि पेन्सिल, सोबत नोला. बोलता येत नव्हतं. रॉय्सने तिला मिठी मारली, खुर्ची दिली, पहिलं गाणं लावायला सांगितलं.

ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर तिने वहीत लिहून दाखवलं: हे मी गायलेलं नाही.

"अगं, तूच आहेस," रॉय्स म्हणाला. "एकूण एक शब्द तुझा."

तिने लिहिलं: शब्द माझे. वाक्य तुझं.

कुणाचा तरी फोन आलाय असं म्हणून रॉय्स बाहेर गेला. नोला त्याच्या मागे गेली, त्याला सुनावायला. आम्ही दोघेच उरलो. आर्डिथने माझ्या मागच्या फळीवरच्या टेपच्या डब्यांकडे बोट दाखवलं, तिसऱ्या तबकडीच्या. तिला मूळ गाणं ऐकायचं होतं, खुर्चीचं. मी लावलं. मग तिने हाताने खूण केली, बाकी सगळं बंद कर, फक्त मी.

स्वतःचा एकटा आवाज तिने आधी कधी ऐकला नव्हता. गाणाऱ्यांना आम्ही तो ऐकवत नसू, बिचकतात म्हणून. ती पुढे वाकली. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी तिने हात वर केला. मी थांबवलं. तिने बोट फिरवलं: मागे घे. तीच ओळ तिने चार वेळा ऐकली. मग डबा उचलून त्यावरची तारीख वाचली, माझ्याच अक्षरातली. सव्वीस फेब्रुवारी.

तिने लिहिलं: तुला तेव्हा ऐकू आलं होतं?

नाही म्हणणं सोपं होतं. तिला खरं कळायचा दुसरा मार्ग नव्हता.

"हो," मी म्हणालो. "त्याच्याही आधी. पहिल्या आठवड्यात. मामाला असंच झालं होतं. मला माहीत होतं काय असू शकतं ते."

मग तिने लिहिलं: मी विचारलं होतं तुला.

"हो. विचारलं होतंस."

तिने वही मिटली. गळ्याच्या रुमालाखालून तिचा श्वास जोरजोरात येत-जात होता, भात्यासारखा. मला वाटलं ती काहीतरी फेकून मारेल. मी वाट पाहत होतो. पण ती उठली, दाराशी गेली, नोलाला खूण केली आणि दोघी निघून गेल्या.

मी त्याच दिवशी रॉय्सला सांगितलं की उरलेलं काम मी करणार नाही. तो चिडला, मग विनवण्या केल्या, मग समोरच्या स्टुडिओतला एक माणूस आणला. आर्डिथने संमतीवर सही केली. दवाखान्यात जायला-यायला गाडी लागायची, मॅमी थकली होती, नोलाला दोन मुलं होती, पैशाशिवाय आर्डिथ काय करणार. तबकडी नाताळच्या आधी निघाली आणि लोकांनी उचलली. मी नोकरी सोडली आणि सासऱ्यांच्या लाकडाच्या वखारीत फळ्या मोजायला लागलो.

दोन वर्षं गेली. पंचाहत्तरच्या ऑक्टोबरमध्ये नोलाचा फोन आला. "ताईने बोलावलंय. छोटं यंत्र घेऊन ये म्हणते." एवढंच, आणि फोन ठेवला.

मी एका मित्राचं यंत्र मागून घेतलं आणि डोंगरात गेलो. आर्डिथ मॅमीच्या घराशेजारी, ओढ्याच्या वरच्या अंगाला दोन खोल्यांत राहत होती. स्वयंपाकघरात शिरलो तर करपल्याचा वास. चुलीवर मक्याचा पाव काळा पडत होता. ती तिथेच टेबलाशी बसून गिटारला तारा लावत होती. गळ्यातल्या भोकातून श्वास घेणाऱ्याला वास येत नाही, हे मला तेव्हा समजलं. मी धावत जाऊन तवा उतरवला.

"बरा... आलास," ती म्हणाली.

ती बोलायला शिकली होती. हवा गिळायची आणि ढेकरेसारखी वर आणून तिचे शब्द करायचे. एका गिळण्यात दोन-तीन शब्द. आवाज बेडकाचा म्हणा, गंजलेल्या फाटकाचा म्हणा. बाईचा नाही नि पुरुषाचाही नाही.

"आर्डिथ, मला आधी..."

"माफी मागायला... आला असशील... तर चालता हो." तिने हवा गिळली. "मशीन... आणलंस?"

"आणलंय."

"सात गाणी... आहेत. दुसरा कुणी... हसेल. तुला हसायचा... हक्क नाही."

चार दिवस आम्ही त्या स्वयंपाकघरात काम केलं, सकाळी नऊपासून तिचा दम संपेपर्यंत. दम लवकर संपायचा. ती गिटार वाजवायची आणि गाणी बोलायची. सूर नव्हते, पण ताल पक्का, आणि शब्दांची ती जुनी कड. दर दोन शब्दांमागे हवा गिळल्याचा 'गुळुक' यायचा. पहिल्या दिवशी मी म्हणालो, "हे आवाज मी नंतर काढून टाकू शकतो."

"एकही... कापायचा नाही."

दुपारी मॅमी खालून ताक आणि मक्याचा पाव आणायची. आम्ही पाव ताकात कुस्करून खायचो. मॅमीला लेकीचं हे बोलणं सहन व्हायचं नाही. ती डबा ठेवायची आणि लगेच निघायची.

सहावं गाणं माझ्यावर होतं. नाव नव्हतं त्यात. काचेमागच्या माणसावर होतं, ज्याला सगळं ऐकू येतं. चार कडवी. मी हेडफोन घालून तिच्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो, आणि ती माझ्याकडे बघत बोलत होती. तिसऱ्या कडव्यात बाहेरून कोळशाचा ट्रक गेला, त्याची घरघर टेपवर आली.

"ट्रक आला मध्ये," मी म्हणालो.

"मग... परत."

परत पहिल्यापासून. मी परत चारही कडवी ऐकली.

ती टेप मी रॉय्सला नेऊन ऐकवली. त्याने एक मिनिट ऐकलं आणि हात वर केला. "बंद कर. हे कोण ऐकेल, वेल्डन?" आणखी तिघांनी तेच सांगितलं, वेगळ्या शब्दांत. मग मीच तबकडीच्या तीनशे प्रती काढून घेतल्या. तिच्या जिल्ह्यातल्या रेडिओवाल्याने एकदा लावली. दुसऱ्या गाण्यालाच लोकांचे फोन आले की हे काय बेडूक सोडलेत, आमची आर्डिथ लावा. त्याने खुर्चीचं गाणं लावलं.

एकदाच ती तबकडी पूर्ण ऐकली गेली. छाती भरलेल्या खाणकामगारांची सभा होती, गावच्या शाळेच्या हॉलमध्ये. नोलाने तिथे यंत्र नेऊन ती लावली. चाळीसेक म्हातारे, काही ऑक्सिजनची नळकांडी घेऊन आलेले. ते सातही गाणी ऐकत बसले, खोकत. संपल्यावर टाळ्या नाहीत. एक जण म्हणाला, "पोरीला दम पुरत नाही," आणि दुसरा म्हणाला, "आपल्याला तरी कुठे पुरतो." मग ते सभेच्या कामाकडे वळले.

शहात्तरच्या शेवटी आजार उलटला. मानेत, मग फुप्फुसात. मार्चमध्ये मी भेटायला गेलो तेव्हा हवा गिळायचंही त्राण नव्हतं, परत वही आली होती. मी तासभर बसलो. तिने लिहिलं: चौथ्या गाण्यात गिटार जास्त झाली.

"हो," मी म्हणालो. "झाली खरी."

तुझी चूक, तिने लिहिलं.

"माझी चूक."

ती झोपली तेव्हा मी निघालो. एप्रिलच्या नऊ तारखेला ती गेली. सदतीसाव्या वर्षी.

पुरायला मी आणि वर्ना गेलो होतो. रॉय्स आला नाही, मोठा पांढऱ्या फुलांचा गुच्छ पाठवला होता. टेकडीवर, पॅपीच्या शेजारी जागा केली होती. पाद्र्याने प्रार्थना म्हटली आणि मग चर्चच्या कर्ण्यावरून आर्डिथचं गाणं लावलं. खुर्चीचं. नोलाला त्या शेवटच्या सात गाण्यांतलं काहीतरी लावायचं होतं, पण मॅमी अडून बसली होती. म्हणाली, माझ्या लेकीचा आवाज तोच, दुसरा मला ऐकायचा नाही.

गाणं चाललं असताना मी मातीकडे पाहत होतो. प्रत्येक ओळीच्या शेवटी ती वाळू. कर्ण्यावर आणखीनच ठळक. आजूबाजूचे सगळे रडत होते.

माणसं पांगायला लागली तेव्हा मॅमी काठी टेकत माझ्याकडे आली. तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"तूच ना तो, तिचं गाणं उतरवणारा?"

"होय, बाई."

"किती सुंदर उतरवलंस रे. असा आवाज तिचा घरात पण कधी नाही आला. जीव ओतला होता बघ पोरीने. तुझ्यामुळे राहिला तो, नाहीतर काय उरलं असतं माझ्यापाशी? देव तुझं भलं करो."

मी टोपी छातीशी धरून उभा होतो. वर्नाने माझ्याकडे पाहिलं नाही. दोन पावलांवर नोला उभी होती, आणि तिला सगळं ठाऊक होतं, त्या सप्टेंबरपासून. मला वाटलं आता ती बोलेल. ती जवळ आली, आईचा हात माझ्या हातांतून सोडवला आणि तिला धरून उताराच्या वाटेने सावकाश खाली घेऊन गेली.